एफएम रेडिओ शोधणाऱ्या माणसाला कंपन्यांनी रॉयल्टी का दिली नाही?

गाडीत एफएम लावला की आकडे साधारण ८८ पासून सुरू होतात आणि १०८ ला संपतात. बाहेर वीज कडाडत असली तरी गाणं स्वच्छ ऐकू येतं. तेच जुन्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावून बघा. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला तरी खरखर चालू होते.

हा फरक एका माणसामुळे पडला. त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेला तो आर्मस्ट्राँग वेगळा. हा गडी आयुष्यभर न्यूयॉर्कच्या आसपासच राहिला, पण आजच्या रेडिओतले तीन मोठे शोध त्याच्या नावावर आहेत.

आता साहजिकच वाटेल, की एवढा भारी शोध लावला म्हटल्यावर रेडिओ बनवणाऱ्या कंपन्या लायसन्स घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या असतील. काही राहिल्याही. पण त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने लायसन्स घेतलं नाही, माल मात्र बनवला. आर्मस्ट्राँगचा पैसा, संसार आणि शेवटी जीवही त्या भांडणात गेला.

कंपनी एखादं तंत्रज्ञान पैसे देऊन कधी घेते आणि कधी टाळते, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाचं आयुष्य बघायला हवं.

माळ्यावरची प्रयोगशाळा

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते. लहानपणी त्याला एक आजार झाला. त्यात अंग अनावर हलायचं, त्यामुळे दोन वर्षं शाळा सुटली. खांदा आणि मान झटकण्याची सवय जन्मभर राहिली. एकटं राहायची आणि एकट्याने काम करायची सवयही त्याच काळात लागली.

पुढे घरचे न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स इथे हडसन नदीकाठी राहायला गेले. त्या घराच्या माळ्यावर पोराने तारा, कॉइल आणि बॅटऱ्यांचा पसारा मांडला. अँटेनासाठी अंगणात सव्वाशे फुटांचा खांब स्वतः उभा केला आणि त्यावर स्वतःच चढला. उंचावर चढायचं वेड त्याला शेवटपर्यंत होतं.

१९०९ साली तो कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला लागला. लाल मोटारसायकलवरून कॉलेजला जायचा.

तेव्हा रेडिओ म्हणजे कानाला हेडफोन लावून ऐकू येणारी अगदी बारीक टिकटिक. ली द फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने ऑडियन नावाची काचेची व्हॉल्व्ह शोधली होती, पण ती आत नेमकं काय करते हे खुद्द द फॉरेस्टलाही नीट सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँगने ते मोजून काढलं. १९१२ मध्ये त्याने व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा तिच्यात आत सोडला. तोच सिग्नल फिरून फिरून हजारो पट मोठा झाला. याला रीजनरेशन म्हणतात. हेडफोन टेबलावर ठेवला तरी आवाज ऐकू येऊ लागला. शिवाय तेच सर्किट थोडं पुढे नेलं की ट्रान्समीटरचं कामही करत होतं.

पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले, तर वडील म्हणाले आधी डिग्री घे. काकांनी सल्ला दिला की निदान आकृती काढून नोटरीकडून सही-शिक्का तरी करून घे. ३१ जानेवारी १९१३ रोजी तो कागद नोटरी झाला. ही तारीख लक्षात ठेवा. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला आणि १९१४ मध्ये पेटंट मिळालं.

एका कागदासाठी विकली गेलेली कंपनी

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेला. तिथे १९१८ मध्ये त्याने दुसरा मोठा शोध लावला, सुपरहेटरोडाइन. हवेतून येणारा कुठलाही सिग्नल आधी एका ठरलेल्या, सोयीच्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा आणि मग तिथे तो मोठा करायचा, ही त्यातली कल्पना. पुढची कित्येक दशकं जगातले बहुतेक रेडिओ आणि टीव्ही याच तत्त्वावर बनले.

युद्ध संपलं तेव्हा तो मेजर झाला होता, पण खिशात पैसे नव्हते. द फॉरेस्टने रीजनरेशनवर आपला हक्क सांगितल्यामुळे कायदेशीर भांडण चालू होतं आणि वकिलांची बिलं थकली होती. मोठ्या कंपन्यांनी अजून दार वाजवलं नव्हतं. म्हणून त्याने काही छोट्या रेडिओ उत्पादकांना लायसन्स दिली, अटी अगदी साध्या ठेवून.

१९२० नंतर रेडिओचं वेड पसरलं आणि या कागदांचा भाव कुठल्या कुठे गेला. नवीन लायसन्स मिळणं बंद झालं होतं आणि जुनी दुसऱ्याच्या नावावर करता येत नव्हती. सिनसिनाटीच्या पॉवेल क्रॉसली नावाच्या कारखानदाराला स्वस्त रेडिओ विकायचे होते. त्याने लायसन्स असलेली प्रिसिजन इक्विपमेंट ही अख्खी कंपनीच विकत घेतली. तिच्यातली मोलाची वस्तू म्हणजे आर्मस्ट्राँगचं लायसन्स.

क्रॉसलीसारख्याचा हिशोब सरळ होता. लायसन्सशिवाय माल बनवला तर उद्या कोर्टाची नोटीस येईल आणि धंदा बसेल. त्यापेक्षा आज पैसे मोजलेले परवडतात.

वेस्टिंगहाउसने पैसे का मोजले?

मोठ्या कंपन्यांचा हिशोब वेगळा होता. १९१९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या पुढाकाराने रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए, स्थापन झाली. एक चांगला रेडिओ बनवायचा तर व्हॉल्व्हचं पेटंट एकाकडे, सर्किटचं दुसऱ्याकडे, अशी गत होती. कोणीच कोणाच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ शकत नव्हतं. म्हणून मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंट एका ठिकाणी गोळा करून एकमेकांना वापरायला दिली. यालाच पेटंट पूल म्हणतात.

वेस्टिंगहाउस या पूलच्या बाहेर राहिली होती. १९२० मध्ये तिने आर्मस्ट्राँगची रीजनरेशन आणि सुपरहेटरोडाइनची पेटंट ३ लाख ३५ हजार डॉलरला घेतली. द फॉरेस्टविरुद्धची केस जिंकलास तर आणखी २ लाख देऊ, असाही करार झाला. ही पेटंट हातात आल्यावर वेस्टिंगहाउसला पूलच्या बाहेर ठेवणं बाकीच्यांना जड जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी ती आरसीएच्या गटात भागीदार म्हणून सामील झाली. पेटंटचा उपयोग रेडिओ बनवण्याआधी वाटाघाटीच्या टेबलावर झाला होता.

१९२२ मध्ये आर्मस्ट्राँगने सुपररीजनरेशन नावाचं आणखी एक सर्किट आणलं. दुसऱ्या कोणी उचलायच्या आत आरसीएने ते घेतलं. त्याचे २ लाख डॉलर रोख आणि कंपनीचे ६० हजार शेअर त्याला मिळाले. ते सर्किट घरगुती रेडिओत फारसं चाललं नाही. पण सुपरहेटरोडाइनचे सेट बाजारात आणायला त्याने मदत केली, त्याबद्दल आणखी शेअर मिळाले. तिशीतला हा तरुण आरसीएचा सगळ्यात मोठा वैयक्तिक शेअरहोल्डर झाला.

सुपरहेटरोडाइनच्या बाबतीत आरसीएने पुढे काय केलं तेही बघण्यासारखं आहे. बराच काळ तिने प्रतिस्पर्धी उत्पादकांना त्याचं लायसन्सच दिलं नाही. भारी रेडिओ फक्त आपल्याच दुकानात मिळावा, म्हणून. बाकीच्या पेटंटचं लायसन्स मात्र दिलं, पण एकगठ्ठा. १९२७ च्या सुमारास त्याचा दर विक्रीच्या साडेसात टक्के होता. आरसीए दुसऱ्यांकडून रॉयल्टी घेऊन मोठी झालेली कंपनी होती. दुसऱ्याला रॉयल्टी द्यायची तिला सवय नव्हती.

सार्नोफ नावाचा मित्र

आरसीएमधला सगळ्यात हुशार माणूस म्हणजे डेव्हिड सार्नोफ. रशियन साम्राज्यातून लहानपणी आलेलं गरीब ज्यू कुटुंबातलं पोर. पेपर विकले, तारयंत्रावर काम केलं आणि १९३० मध्ये थेट आरसीएचा अध्यक्ष झाला. १९१४ च्या जानेवारीत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका थंडगार खोलीत आर्मस्ट्राँगने त्याला आपला रिसीव्हर ऐकवला होता. दूरदूरची स्टेशनं रात्रभर ऐकत बसलेल्या या दोघांची मैत्री तिथे सुरू झाली.

सार्नोफची सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस आर्मस्ट्राँगला आवडायची. तिच्यावर छाप पाडायला तो १९२३ मध्ये आरसीएच्या उंच अँटेना टॉवरच्या टोकावर चढला. वर कसरती केल्या आणि फोटोही काढून घेतले. सार्नोफ एवढा भडकला की त्याने त्याला तिथे यायला बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आर्मस्ट्राँग आणि मॅरियनचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला सुपरहेटरोडाइनचा पोर्टेबल रेडिओ स्वतः बनवून दिला.

कोर्टातला पहिला फटका

रीजनरेशनची केस इकडे चालूच होती. १९२१ मध्ये कोर्टाने आर्मस्ट्राँगच्या बाजूने निकाल दिला. द फॉरेस्टची कंपनी डबघाईला आली होती. आर्मस्ट्राँगने खर्च-भरपाईचा हट्ट सोडला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याने सोडला नाही. द फॉरेस्टला पुन्हा उभं राहायला वेळ मिळाला आणि १९२४ मध्ये रीजनरेशनचं पेटंट द फॉरेस्टच्या नावावर झालं.

आरसीएकडे पूलमुळे दोघांचेही हक्क होते. आर्मस्ट्राँगचं पेटंट १९१४ चं, म्हणजे १७ वर्षांनी १९३१ मध्ये संपणारं. द फॉरेस्टचं १९२४ चं, म्हणजे १९४१ पर्यंत चालणारं. द फॉरेस्ट खरा ठरला तर आरसीएला त्याच सर्किटवर आणखी दहा वर्षं रॉयल्टी गोळा करता येणार होती.

आरसीएने रेडिओ इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीवर केस टाकली. त्या कंपनीच्या बचावाचा खर्च आर्मस्ट्राँगने स्वतः केला. ज्या कंपनीचा तो सगळ्यात मोठा शेअरहोल्डर होता, ती त्याच्या विरोधात उभी होती. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने द फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. इंजिनिअर मंडळींना तो पटला नाही. आर्मस्ट्राँग आपलं मानाचं पदक परत करायला रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेत गेला, तेव्हा संस्थेने ते घ्यायला नकार दिला.

एफएम कसा जन्मला?

आता मुख्य शोधाकडे येऊ. एएम रेडिओत आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होते. वीज चमकली किंवा मोटर ठिणगी टाकू लागली की तीही लहरीच्या उंचीतच गडबड करते. रिसीव्हरला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून खरखर होते.

आर्मस्ट्राँगने ठरवलं, की उंची कायम ठेवायची आणि आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलायची. रिसीव्हरमध्ये लिमिटर नावाचं सर्किट उंचीतली सगळी गडबड कापून टाकतं. ही कल्पना आधीही काहींनी तपासली होती. १९२२ मध्ये जॉन कार्सन या गणितात पक्क्या इंजिनिअरने सिद्ध केलं होतं, की अरुंद पट्ट्यात एफएमचा काही फायदा नाही. आर्मस्ट्राँगने उलट पट्टा रुंद केला आणि खरखर गायब झाली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफएमची पेटंट मिळाली.

सगळ्यात आधी त्याने शोध दाखवला तो सार्नोफलाच. सार्नोफला बरीच वर्षं खरखर घालवणारी एखादी डबी हवी होती, आहे त्याच रेडिओला जोडता येईल अशी. आर्मस्ट्राँगने आणली ती पूर्ण नवी पद्धत. नवे ट्रान्समीटर, नवे रिसीव्हर, नवा पट्टा.

१९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आरसीएच्या जागेतून चाचण्या झाल्या. सत्तर मैलांच्या आसपास लाँग आयलंडवर आवाज स्वच्छ पोचला. तरीही १९३५ मध्ये आरसीएने त्याला सामान हलवायला सांगितलं. ती जागा टीव्हीच्या प्रयोगांसाठी हवी होती.

आरसीएच्या चष्म्यातून बघितलं तर यात वेडेपणा नव्हता. तिच्या मालकीचं एनबीसी हे एएम स्टेशनांचं अवाढव्य जाळं होतं. एएमचे सेट विकून आणि त्यांचं लायसन्स देऊन पैसा येत होता. पुढची मोठी गुंतवणूक टीव्हीत चालली होती. एफएम आला तर पहिली कमाई जुनी होणार आणि दुसरीला लागणारा पट्टा वाटून घ्यावा लागणार. वर त्याची चावी बाहेरच्या माणसाच्या हातात.

कोणी लायसन्स घेतलं?

आर्मस्ट्राँग थांबला नाही. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत त्याने यॉन्कर्सहून आलेलं प्रसारण ऐकवलं. तिकडे कोणी पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगळला, आणि इकडे लोकांना ते आवाज जसेच्या तसे ऐकू आले.

मग त्याने आरसीएचे शेअर विकून न्यू जर्सीतल्या अल्पाइन इथे ४२५ फुटांचा टॉवर आणि स्वतःचं स्टेशन उभं केलं. त्यावर ३ लाख डॉलरच्या वर खर्च झाला. लायसन्स विकायचं तर वस्तू बाजारात चालते हे आधी आपणच दाखवावं लागतं, हे त्याला कळलं होतं.

हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं. जनरल इलेक्ट्रिक आली. १९३२ मध्ये सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यातल्या तडजोडीने तिला आरसीएमधून बाहेर पडावं लागलं होतं, त्यामुळे आता आरसीएला सांभाळून घ्यायचं कारण उरलं नव्हतं. झेनिथ आली. तिचा प्रमुख युजीन मॅकडोनल्ड आरसीएला रॉयल्टी देऊन देऊन वैतागलेला होता. स्ट्रॉमबर्ग-कार्लसन आली. यांना एएमचं जाळं सांभाळायचं नव्हतं. एफएममुळे नवा महाग सेट विकता येणार होता आणि आरसीएपेक्षा वेगळं काहीतरी दाखवता येणार होतं. विक्रीवर साधारण २ टक्के रॉयल्टी त्यांना जड वाटली नाही. बोस्टनकडच्या यांकी नेटवर्कने एफएम स्टेशनही उभारलं.

१९४० मध्ये रेडिओचे नियम ठरवणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. त्यासाठी टीव्हीच्या पहिल्या चॅनलची जागा काढून घेतली गेली. लगोलग टीव्हीचा आवाज एफएमनेच पाठवायचा असंही ठरलं. आता आरसीएला टीव्ही विकायचा तर त्यात एफएम लागणारच होता.

दहा लाख डॉलरची ऑफर

त्याच वर्षी आरसीएने आर्मस्ट्राँगपुढे प्रस्ताव ठेवला. एकरकमी १० लाख डॉलर घे आणि आम्हाला लायसन्स दे. पुढे रॉयल्टी काही नाही.

आर्मस्ट्राँगने नकार दिला. बाकीचे छोटे-मोठे उत्पादक प्रत्येक सेटमागे पैसे देत होते. सगळ्यात मोठ्या कंपनीला त्यातून मोकळं केलं तर ज्यांनी आधी विश्वास टाकला त्यांच्यावरच अन्याय होणार होता. आरसीएचीही अडचण होती. जी कंपनी इतर सगळ्यांकडून रॉयल्टी वसूल करते, तीच एका माणसाला सेटमागे पैसे देऊ लागली तर तिचा दबदबा कमी होणार. दोघं एकाच रकमेवर भांडत नव्हते, त्यामुळे घासाघीस करून मधला आकडा निघण्यासारखा नव्हता.

मग दुसरं महायुद्ध आलं. आर्मस्ट्राँगने आपली एफएमची पेटंट सैन्याला फुकट वापरायला दिली. रणगाड्यांपासून पाठीवरच्या वायरलेस सेटपर्यंत एफएम पोचला. पाठीवरचा तो सेट बनवणारी कंपनी पुढे मोटोरोला नावाने ओळखली गेली. हे नाव शेवटी पुन्हा येणार आहे.

८८ ते १०८ कुठून आले?

१९४५ मध्ये एफसीसीने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ केला. वातावरणातल्या वरच्या थरांमुळे जुन्या पट्ट्यात अडथळे येतील असं कारण दिलं गेलं. आर्मस्ट्राँगने जोरदार विरोध केला, पण उपयोग झाला नाही. लोकांच्या घरातले चार-पाच लाख एफएम सेट निकामी झाले. स्टेशनांनाही सगळं पुन्हा उभारावं लागणार होतं. आज आपल्या गाडीत दिसतात ते आकडे या निर्णयातून आले आहेत. आर्मस्ट्राँगच्या दृष्टीने मात्र पेटंटच्या १७ वर्षांपैकी हाताशी उरलेली वर्षं पुन्हा सुरुवात करण्यात चालली होती.

युद्धानंतर टीव्हीची विक्री वाढली. प्रत्येक टीव्हीत एफएम होता. आरसीएने रेशो डिटेक्टर नावाचं वेगळं सर्किट वापरलं आणि हे आमचं स्वतःचं आहे, आर्मस्ट्राँगच्या पेटंटमध्ये बसत नाही, अशी भूमिका घेतली. आरसीएच्या एकगठ्ठा लायसन्समध्ये ते सर्किटही मिळत होतं. बाकीच्या टीव्ही कंपन्यांनी विचार केला, आरसीएला आपण आधीच पैसे देतोय, त्यात हेही येतंय, मग आर्मस्ट्राँगला वेगळे कशाला द्यायचे? मोठा भाऊ देत नाही म्हटल्यावर धाकट्यांनीही हात आखडता घेतला.

शेवटची केस

जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँगने आरसीए आणि एनबीसीवर केस दाखल केली. पेटंट १९५० च्या डिसेंबरमध्ये संपणार होती. आरसीएला केस जिंकायची घाई नव्हती, ती लांबली तरी पुरे होतं. खटला उभा राहण्याआधीच्या जबान्यांमध्येच वर्षं गेली. आर्मस्ट्राँगलाच जवळपास वर्षभर प्रश्न विचारले जात होते. आरसीएने दावा केला की एफएमच्या विकासात आमच्याच इंजिनिअरांचा वाटा मोठा आहे. ज्याला हा शोध सगळ्यात आधी दाखवला, त्या सार्नोफचीही जबानी झाली.

पेटंट संपली आणि नवी रॉयल्टी थांबली, वकिलांची बिलं मात्र चालू राहिली. एकेकाळचा लखपती कर्जाच्या काठावर आला. मॅरियनने नोकरीच्या दिवसांपासून दोन्ही बाजू जवळून बघितल्या होत्या. तिला वाटत होतं की आता तडजोड करून सुखाने राहावं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये याच विषयावर भांडण झालं आणि रागाच्या भरात त्याने तिच्यावर हात उचलला. ती बहिणीकडे निघून गेली.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या घरात एकटा असताना, मॅरियनच्या नावाने माफीची चिठ्ठी लिहून एडविन आर्मस्ट्राँगने आयुष्य संपवलं. नोटरीने त्याच्या पहिल्या शोधावर शिक्का मारला होता, त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षं झाली होती.

मग कंपन्या लायसन्स कधी घेतात?

या सगळ्या गोष्टीतून काही मुद्दे निघतात, आणि मोबाईल-टीव्हीच्या आजच्या भांडणांनाही ते लागू पडतात.

- नुकसान कोणाचं होतंय? नव्या तंत्रज्ञानाने स्वतःचीच जुनी कमाई बुडणार असेल तर कंपनी टाळाटाळ करते. झेनिथला गमवायला काही नव्हतं, आरसीएला होतं.
- पर्याय आहे का? थोडं वेगळं सर्किट बनवून पेटंट चुकवता येईल असं वाटलं, तर पैसे कोण देणार?
- पैसे कसे द्यायचे? एकरकमी की सेटमागे, यावरही सौदा फिसकटतो. सेटमागे रॉयल्टी म्हणजे आपल्या विक्रीचा हिशोब कायम दुसऱ्याच्या हातात.
- शेजारी काय करतोय? बाजारातला सगळ्यात मोठा खेळाडू देत असेल तर बाकीचे देतात. तो अडला की सगळे अडतात.
- कोर्टाची भीती किती? पेटंटची मुदत कमी उरली असेल आणि समोर एकटा माणूस असेल, तर भांडण लांबवणं लायसन्सपेक्षा स्वस्त पडतं.
- नियम कोण ठरवतं? सरकारने एफएमला पट्टा दिला तेव्हा आरसीएने दहा लाख पुढे केले. पट्टा हलवला तेव्हा आर्मस्ट्राँगची बाजू कमजोर झाली.

तंत्रज्ञान चांगलं असणं ही यातली फक्त पहिली अट. बाकीचे हिशोब त्यानंतर सुरू होतात.

मॅरियनने काय केलं?

नवऱ्याने तडजोड करावी म्हणून भांडणाऱ्या मॅरियनने त्याच्यानंतर केस सोडली नाही. आरसीएशी १९५४ मध्येच समझोता झाला. रक्कम होती दहा लाख डॉलरच्या किंचित वर. म्हणजे १९४० मध्ये जेवढे देऊ केले होते, साधारण तेवढेच.

त्या पैशाच्या जोरावर तिने बाकीच्या कंपन्यांना एकेक करून कोर्टात खेचलं. काहींनी समझोता केला, काही लढून हरल्या. मोटोरोला शेवटपर्यंत अडून राहिली. १९६७ मध्ये तीही केस मॅरियनच्या बाजूने लागली. एफएम आर्मस्ट्राँगचाच होता, हे ठरायला त्याच्या मृत्यूनंतर १३ वर्षं लागली.

अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी याच टॉवरवरून प्रसारण सुरू ठेवलं.